चारच्या जागचा श्वास

आमच्या बँडचं नाव ‘गतिरोधक’. नाव समाधानने ठेवलं. वाघोलीच्या आमच्या सरावाच्या खोलीपर्यंत पोचायला जेवढे गतिरोधक लागतात तेवढी गाणी झाली की जगाच्या दौऱ्यावर निघायचं, असं तो म्हणायचा. गाणी झाली आणि खरोखरच दौरा ठरला. जग म्हणजे जर्मनी, नेदरलँड्स आणि चेक प्रजासत्ताक, तिथले पाच छोटे क्लब. पण पुण्यात बसून मराठीत रॉक करणाऱ्यांना तेवढं जग पुष्कळ झालं. टीशर्ट छापून आले. काळ्या कापडावर पाठीमागे शहरांची नावं आणि पुढे तारखा. सगळ्या तारखा एप्रिल २०२०च्या.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. दौरा सप्टेंबरात ढकलला, मग त्याच्या पुढच्या सप्टेंबरात, मग आणखी एक वर्ष. लाइपझिगची आयोजक बाई दर वेळी मेलच्या शेवटी ‘सगळे सुखरूप आहात ना?’ असं विचारायची. मी दोनदा ‘हो’ लिहिलं. तिसऱ्या वेळी उत्तर अभयने लिहिलं, कारण माझ्याच्याने ते झालं नाही. समाधान मे २०२१मध्ये गेला होता.

बँडमध्ये आम्ही तिघंच. मी प्रियदर्शनी, गाते आणि बेस वाजवते, आणि दिवसभर खराडीत एका आयटी कंपनीत लोकांच्या चुका दुरुस्त करते. अभय गिटार वाजवतो आणि बँडचा कॉम्प्युटर सांभाळतो. समाधान ड्रम्सवर. खोलीच्या दारावर त्याने पाटी लावलेली: ‘आवाज येणारच. त्रास होत असल्यास घर बदलावे.’ खोली फरशीच्या दुकानामागे होती, तिथे घर एकही नव्हतं. तरी पाटी हवीच.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. आमच्यासारखे बँड कानात इअरफोन घालून वाजवतात आणि त्यात एक टकटक चालू असते. त्याला क्लिक म्हणतात. ती प्रेक्षकांना ऐकू जात नाही, फक्त आम्हाला जाते. गाण्याचा वेग तीच धरून ठेवते. गाणं सुरू होण्याआधी त्या टकटकीवर कुणीतरी एक ते चार मोजतं आणि सगळे एकदम आत घुसतात. आमच्याकडे मोजायचं काम समाधानचं.

एप्रिल २०२१मध्ये पुन्हा सगळं बंद झालं, तेव्हा त्याने विश्रांतवाडीला घरी बसून सगळ्या गाण्यांची नवी क्लिक केली. स्वतःच्या आवाजात मोजून, इलेक्ट्रॉनिक पॅडवर ड्रम्स वाजवून तो एकेक गाणं आम्हाला पाठवत गेला. ‘जरा सर्दी आहे,’ एवढंच त्याने कळवलं होतं. आणि खाली, ‘गाणी थोडी जड केलीत. युरोपात जड चालतं.’

गाणी खरंच जड झाली होती. आमचं ‘हँडब्रेक’ नावाचं गाणं आहे, पूर्वी ते उतारावरून सुटलेल्या टेम्पोसारखं जायचं. आता ते संथ झालं होतं, एकेक ठोका वेगळा ऐकू यायचा. आणि मोजणंही बदललं होतं. एक. दोन. तीन. चार नाहीच. चारच्या जागी नुसता श्वास, आत ओढून घेतलेला. त्या श्वासावर गाणं सुरू.

आम्ही दोघं वेडे झालो. ‘काय डोकं आहे या माणसाचं,’ अभय फोनवर म्हणाला, ‘चार म्हणायचंच नाही!’ मी समाधानला लिहिलं, की हे आतापर्यंतचं तुझं सगळ्यात भारी काम आहे. त्याने अंगठा पाठवला.

तो गेल्यावर आमच्याकडे हेच उरलं. लॉकडाऊन उठल्यावर आम्ही दोघं वाघोलीच्या खोलीत भेटायला लागलो. त्याचा ड्रमसेट कोपऱ्यात चादरीखाली, आणि त्याचे ड्रम्स स्पीकरमधून. कानात त्याचं एक, दोन, तीन. मग श्वास. त्या श्वासाबरोबर मी आणि अभयही श्वास घ्यायला लागलो. कुणी ठरवलं नाही, होत गेलं. नंतर नंतर तो आमचा नियमच झाला. तिघांनी एकत्र श्वास घ्यायचा आणि आत शिरायचं. फरशीवाले एकदा चहा पिता पिता म्हणाले, ‘तुमचा ड्रमवाला कधी येतो नि कधी जातो, दिसत कसा नाही? आवाज तर रोज येतो.’ अभयने चहा तसाच ठेवला आणि बाहेर गेला. मला मात्र, खरं सांगते, बरं वाटलं.

सवय खोलीतच राहिली असती तर ठीक होतं. ऑफिसची लिफ्ट मजले बोलून दाखवते. ती ‘थर्ड फ्लोअर’ म्हणाली की चौथा यायच्या आत मी श्वास घेतलेला असायचा. मीटिंगमध्ये साहेब ‘मुद्दा क्रमांक तीन’ म्हणाले की माझ्या डाव्या कानात कुणीतरी श्वास ओढायचं. डाव्याच, कारण माझा उजवा इअरफोन वर्षभर बिघडलेला होता. मी वळून बघायचे. मागे भिंत असायची. मी घाबरत नव्हते. तो येणं थांबेल याचीच मला भीती वाटायची.

२०२२च्या सप्टेंबरात दौरा नक्की झाला. ड्रमर तर हवाच, स्पीकरला व्हिसा मिळत नाही. जूनमध्ये शेफाली आली. लोणी काळभोरची, तिथल्याच कॉलेजात शिकता शिकता ड्रम्सवर बसलेली, चोवीस-पंचवीसची. पहिल्याच दिवशी तिने चादर ओढली, घडी घातली, मधल्या ड्रमवर टिचकी मारली आणि विचारलं, ‘ताई, हे ताशाएवढं टाइट का ठेवलंय?’ समाधानने ठेवलंय, असं मी सांगितलं. तिने चावीने ते सैल केलं. मला राग आला. तो मी दीड महिना व्यवस्थित सांभाळला.

शेफाली उत्तम वाजवायची. पण गाणं सुरू होताना दर वेळी ती आमच्यामागून यायची, एखाद्या केसाच्या अंतराने. आम्ही श्वासावर शिरायचो, ती शिरायची त्यानंतर. अभय क्लिक तपासायचा, तार तपासायचा, तिच्या इअरफोनवर फुंकर मारायचा. मी तोंड मिटून उभी राहायचे. तसं तोंड मिटून उभं राहणं म्हणजे पुण्यात शिवीच.

ऑगस्टच्या सुरुवातीला, एका रविवारी दुपारी, तिने काठ्या मांडीवर ठेवल्या.

‘मी बोलू का? राग येणार आहे तुम्हाला, आधीच सांगते.’

‘बोल ना,’ अभय म्हणाला.

‘मला नाय जमत हे. सिरियसली. कानात त्यो माणूस श्वास घेतो ना, तवा मी थांबते. मला वाटतं, तो अजून काहीतरी बोलनार हाय. वाट बघते मी त्याची. रोज.’ गडबडली की तिचं लोणी बाहेर यायचं. ‘आणि ताई, मी आल्यापासून तुम्ही गाणं सुरू करताना एकदाबी माझ्याकडं बघितलं नाही. ड्रमरकडं बघतात ना सगळे? तुम्ही भिंतीकडं बघता.’

‘त्याचा आवाज राहणार,’ मी म्हणाले.

‘मग मी नाही राहणार. सॉरी. तिकिटं काढायच्या आधी ठरवा.’

एवढं बोलून ती पाणी प्यायला बाहेर गेली. अभयने माझ्याकडे बघितलं नाही. ‘प्रिया, ती गेली तर दौरा गेला,’ तो म्हणाला. ‘आता चौथ्यांदा ते लोक पुढे ढकलणार नाहीत. आवाज काढून टाकू. मोजेल ती.’

‘समाधान दौऱ्यावर गेला नाही तर आपण कशाला जायचं?’

‘तो गेलाय, प्रिया.’

मला त्याचा इतका राग आला की मी बेस भिंतीला टेकवला. मग मला एक युक्ती सुचली. युक्तीच म्हणायची. मी म्हणाले, ‘पुसून टाकायचं तर काकूंना विचारल्याशिवाय नाही. तो त्यांच्या मुलाचा आवाज आहे.’ काकू म्हणजे समाधानची आई, ललिताबाई. मला खात्री होती की मुलाचा आवाज ऐकला की त्या रडतील आणि तो पुसू नका म्हणतील. मग कुणाची काय बिशाद? अभय हो म्हणाला. शेफाली म्हणाली, ‘मी पण येणार.’ ये बापडी, म्हटलं.

पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही तिघं विश्रांतवाडीला गेलो. दार हिंमतरावकाकांनी उघडलं. काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, शिस्तीचे. अंगात आमचा दौऱ्याचा काळा टीशर्ट.

‘जय भीम, काका.’

‘जय भीम, या. बघता काय? कापड चांगलं आहे. सकाळी फिरायला घालतो. बागेतले लोक विचारतात, काय हो, प्रागला कधी जाऊन आलात? मी म्हणतो, तारीख वाचा. तेव्हा दूध आणायला तरी कोण गेलं होतं का बाहेर?’

हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्या शेजारी समाधानचा, ड्रम्सवर बसलेला, तोंड उघडं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ती त्याची खोली. काकूंनी पोहे दिले आणि शेफालीला विचारलं, ‘तू वाजवतेस का आता?’ ती नुसती मान हलवून हो म्हणाली. काकूंनी तिच्या बशीत आणखी पोहे घातले. तेसुद्धा मला आवडलं नाही.

मी काकूंना समजावून सांगितलं. कानात आवाज असतो, तो समाधानचा आहे, आम्ही जपून ठेवला आहे. दौऱ्यावर न्यायचा की नाही ते तुम्ही सांगा. मी मुद्दाम ‘जपून’ शब्दावर जोर दिला. लॅपटॉप उघडला, मोठा हेडफोन त्यांच्या कानांवर बसवला, आणि ‘हँडब्रेक’ लावलं. आवाज बाहेर येत नव्हता, पण मला प्रत्येक क्षण पाठ होता. आता एक. आता दोन. आता तीन.

श्वासाच्या जागी मी श्वास घेतला. काकूंनी हेडफोन ओढून काढला. त्यांची वेणी त्यात अडकली.

‘बंद कर.’

मी बंद केलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या जणू मी त्यांच्या घरात बाहेरच्या चपला घालून फिरत होते.

‘त्याला दम लागलाय,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्हाला ऐकू येत नाही का?’

‘काकू, ती त्याची स्टाइल होती,’ मी म्हणाले. ‘त्याने चार मुद्दामच नाही म्हटलं.’

‘कुठली स्टाइल?’ त्यांनी आतल्या दाराकडे बोट केलं. ‘तो आत होता. हे हॉलमध्ये झोपलेले, यांना ताप. मला कमी होता म्हणून मी करायचे सगळं. ताट दाराशी ठेवायचे आणि तिथेच स्टुलावर बसायचे. आत जाऊ द्यायचा नाही मला. आतून ऐकू यायचं, एक, दोन, तीन, चार, आणि खोकला. मग थांबायचा. मग पुन्हा एक, दोन, तीन, चार, आणि खोकला. पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, अरे पुरे कर रे, मेलं ते गाणं. तर दाराच्या आतून म्हणाला, आई, चार म्हटलं की खोकला येतो. तीनवर भागवतो.’

पोह्यांची बशी माझ्या हातात होती. ती कुठे ठेवावी ते मला कळेना.

‘आणि जड केलं ते?’ अभयने हळूच विचारलं. ‘गाणी त्याने संथ केली होती, काकू. युरोपात जड चालतं म्हणाला होता.’

काका खुर्चीत पुढे सरकले. ‘संथ? ते हँडब्रेक संथ? तो घरी वाजवायचा तेव्हा गॅलरीचा पत्रा थरथरायचा आमचा. असं होतं ते.’ आणि त्यांनी खुर्चीच्या हातावर दोन्ही तळव्यांनी वाजवून दाखवलं. खरा वेग. उतारावरून सुटलेला टेम्पो. वर्षभर आम्ही ते विसरून गेलो होतो. ‘हात उचलत नव्हते त्याचे तेव्हा,’ काका वाजवता वाजवता म्हणाले, ‘म्हणून संथ केलं असेल.’

शेजारी शेफालीच्या बोटांनी गुडघ्यावर काकांचा ठेका उचलला होता. तिला स्वतःला कळलंही नसावं. काका थांबले तरी ती थोडा वेळ वाजवत राहिली. मी तिच्याकडे बघितलं, बहुधा पहिल्यांदाच.

‘हे तुम्ही रोज लावता?’ काकूंनी विचारलं.

‘जवळजवळ रोज.’

‘वर्षभर?’

‘हो.’

‘म्हणजे रोज त्याला दम लावता,’ काकू म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना फक्त ते कळत होतं आणि कळताना त्रास होत होता. ‘प्रिया, नका गं लावू आता. पुरे झालं त्याचं.’

मी विचारलं की निदान तुमच्या फोनवर ठेवून देऊ का, तुमच्यापाशी असावं म्हणून.

‘मला कशाला? मी रोज त्या दारासमोरून जाते. मला तसाच येतो ऐकू.’

निघताना काका खालपर्यंत आले. रिक्षात मी शेफालीच्या शेजारी बसले होते. आळंदी रोडवर सिग्नलला थांबलो तेव्हा मला रडू फुटलं, चांगलं मोठ्याने. रिक्षावाल्याने आरसा फिरवला. ‘समोर बघा ना,’ शेफाली त्याला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अभयने खोलीत लॅपटॉप उघडून माझ्यापुढे सरकवला. पुसायचं काम त्याला करवत नव्हतं आणि मीच करावं असं मलाही वाटत होतं. एकदा शेवटचं ऐकावं असं फार मनात आलं. बोट प्लेच्या खुणेवर नेलं. मग लक्षात आलं की ऐकायचं म्हणजे त्याला पुन्हा तो श्वास ओढायला लावायचा. मी ऐकलं नाही. त्याने पाठवलेली सगळी गाणी एकेक करून पुसली. शेफाली खोलीबाहेर फरशीवाल्यांशी गप्पा मारत उभी होती. तिला आत ये म्हणायला मीच गेले.

नंतरचे दिवस वाईट गेले. अभयने खऱ्या वेगाची नवी क्लिक केली, नुसत्या टकटकीची. खऱ्या वेगात माझे शब्द मावेनात. वर्षभर संथ गाऊन जीभ लठ्ठ झाली होती. अभयची बोटं अडखळायची. शेफाली मोजायची, हुरडा खायला शेतातून हाका मारतात तशी, ‘येक, दोन, तीन, चार!’ आणि तिचा चार म्हणजे दगडच. तरी त्या चारवर मी आणि अभय श्वास घ्यायचोच. एकदा ती म्हणाली, ‘घ्या तुम्ही. मी थांबत नाही आता.’ आणि खरंच थांबली नाही.

लिफ्टमध्ये ‘थर्ड फ्लोअर’ झालं की डाव्या कानाशी अजून हालचाल व्हायची. पण आता मी वळायचे नाही. त्याला उगाच बोलवायला नको, असं वाटायचं.

सप्टेंबरात आम्ही लाइपझिगला पोचलो. काका-काकूंनी कार्यक्रम फोनवर बघायचं कबूल केलं होतं, पण आपल्याकडे तेव्हा फार उशीर होणार होता. म्हणून अभय म्हणाला, साउंडचेकच बघा. म्हणजे संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी दुपारी रिकाम्या हॉलमध्ये सगळं वाजवून तपासतात, ते. मला ते बरं वाटलं. प्रेक्षक नसलेला हॉल काळा, गार होता, रांगेने ठेवलेल्या रिकाम्या खुर्च्यांचा. आयोजक बाईने आम्हाला मिठी मारली, आणि आम्ही तिघं उभे आहोत असं बघून तिच्याही डोळ्यांसमोर कोण नाही ते आलं असणार. तिने काही विचारलं नाही.

अभयने फोन अ‍ॅम्प्लिफायरवर टेकवून ठेवला. पडद्यावर विश्रांतवाडीचा हॉल. काका टीशर्टमध्ये, इस्त्री केलेल्या. काकू शेजारी, पदर खांद्यावर घट्ट. त्यांच्या मागे आतल्या खोलीचं दार दिसत होतं. ते पूर्ण उघडलेलं होतं आणि आतला दिवा लावलेला होता.

मी वळले आणि शेफालीकडे बघितलं. तिने काठ्या वर केल्या.

‘येक, दोन, तीन, चार!’

‘हँडब्रेक’ सुटलं. क्लिक कानात धावत होती, मी तिच्यामागे. पहिलं कडवं कसंबसं धरलं. दुसऱ्यात शब्द पडायला लागले. मधे मला वाटलं, हा वेग आमच्या दोघांचा कधी नव्हताच. तो त्याचा होता, आम्ही नुसते मागे बसलेलो होतो. हा माणूस एवढा धावायचा. आणि त्याने गाणं हळू केलं तेव्हा आम्ही त्याला शाबासकी दिली. मी डोळे मिटले नाहीत. शेफालीच्या हातांकडे बघत शेवटपर्यंत गेले.

गाणं थांबलं तेव्हा माझ्या छातीत काही उरलं नव्हतं. मी गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि धापा टाकत राहिले. त्या धापा माझ्याच माइकमधून रिकाम्या हॉलभर ऐकू येत होत्या. फोनमधून काकांच्या टाळ्या येत होत्या.

‘काकू,’ मी कशीबशी म्हणाले, ‘आला का आवाज?’

‘आला.’ त्या फोनच्या फार जवळ आल्या होत्या, नुसतं कपाळ आणि डोळे दिसत होते. ‘प्रिया, दम लागलाय तुला.’

‘नाही, काकू, ते—’

‘ऐकू येतंय मला. पुढचं नंतर वाजवा. आधी खाली बस. पाणी पी.’

शेफाली ड्रम्समागून उठली आणि तिची बाटली घेऊन आली. मी स्टेजच्या कडेला बसले आणि काकूंना दिसेल अशी फोनकडे तोंड करून सगळं पाणी प्यायले.